निरुपयोगी भूमिगत टाक्या व नळ : हलक्या काँक्रीटने बुजविण्याची रीत

शेतीच्या व घरच्या गरजेसाठी शेतकरी जमिनीच्या पोटात अनेक बांधकामे करीत आला आहे. धान्य आणि हळद साठविण्याची पेवे, पाण्याची टाकी, गोबर गॅसच्या पाचक विहिरी, मळीचे हौद, डिझेलच्या टाक्या आणि उपसा जलसिंचनाच्या नळांची जाळी ही त्यांतील प्रमुख होत. जोपर्यंत ही बांधकामे वापरात असतात, तोपर्यंत त्यांच्यावर माणसाची नजर असते. झाकण फुटले तर ते बदलले जाते, भिंत खचली तर ती सावरली जाते. वापर सुटला म्हणजे मात्र तोंडावर एखादा पत्रा किंवा फरशी टाकून वर माती लोटली जाते आणि काही वर्षांत तेथे गवत उगवते. पोकळी तशीच राहते, केवळ ती दिसेनाशी होते. ज्याने टाकी बांधली त्याला तिची जागा ठाऊक असते, त्याच्या नातवास ती ठाऊक असतेच असे नाही.

नवीन बांधकाम कसे करावे यासंबंधी पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. परंतु जुने बांधकाम रीतसर बंद कसे करावे, याचा विचार फारसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात या कामाची पद्धत, त्यास लागणारे साहित्य, त्याचा हिशेब आणि मुख्यतः त्यातील जिवाचा धोका यांविषयी माहिती दिली आहे.

पोकळी का बुजवावी?

भूमिगत पोकळीपासून चार प्रकारची हानी संभवते.

पहिली हानी जीविताची. ९ एप्रिल २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वाकडी गावी घडलेली घटना या संदर्भात प्रत्येकाने लक्षात ठेवावी. शेणाच्या मळीसाठी वापरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण आत उतरला. तो वर येईना म्हणून त्यास वाचविण्यासाठी दुसरा उतरला, आणि अशा रीतीने एकामागून एक उतरलेल्या पाच जणांना प्राण गमवावे लागले. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एका इसमास मात्र वर ओढून घेता आले व तो वाचला. या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. विषारी हवा माणसाला सावध होण्याची सवड देत नाही, आणि अशा जागी केवळ धैर्याच्या बळावर केलेली मदत मृतांची संख्या वाढविते.

दुसरी हानी खचण्याची. जुन्या टाकीचे छत कमकुवत झालेले असते. वरून बैलगाडी गेली तर ते कदाचित टिकेल, परंतु भरलेली ट्रॉली अथवा ऊसतोडणीचे यंत्र गेल्यास ते ढासळते. काळ्या भारी जमिनीत हा धोका अधिक असतो, कारण ती जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि या ओढाताणीत भिंती तडकतात.

तिसरी हानी पाण्याची. बंद पडलेला नळ हा जमिनीखालचा चोरटा पाट होय. एका टोकास शिरलेले पाणी तो दूरवर नेऊन सोडतो. वाटेत सांधा उखडला असेल तर आजूबाजूची माती त्यात वाहून जाते आणि शेतात अचानक भगदाड पडते.

चौथी हानी विहिरीच्या पाण्याची. टाकीत राहिलेली मळी अथवा डिझेल हळूहळू झिरपून पिण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

प्रथम शोध व नोंद

काम आरंभण्यापूर्वी आपल्या शेतातील व वाड्यातील जुन्या बांधकामांची यादी करावी. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारावे. उपसा सिंचन संस्थेकडे नळांचा जुना नकाशा असल्यास तो मिळवावा. जमिनीवर पहारीचा किंवा धुमसाचा ठोका दिला असता जेथे पोकळ आवाज येतो, पावसाळ्यानंतर जेथे जमीन गोलाकार बसते, किंवा भर उन्हाळ्यात जेथे गवताचा एखादाच पट्टा हिरवा राहतो, अशा जागा संशयास्पद समजाव्यात. ठोका देताना स्वतः छताच्या मध्यावर उभे राहू नये.

प्रत्येक जागेची लांबी, रुंदी, खोली, आत काय साठविले होते, आत पाणी आहे काय, आणि जवळ घर, रस्ता, विहीर वा बांध आहे काय, याची नोंद करावी. कोणत्या प्रकारचा भराव करावयाचा हे या नोंदीवरूनच ठरते.

पेवाचा दिवा आणि त्याची मर्यादा

सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. अरुंद तोंडाच्या व रुंद पोटाच्या या खड्ड्यांत हळद दीर्घकाळ चांगली टिकते. सन २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीच्या कीर्तीत या पेवांचाही वाटा आहे. सन २००५ च्या कृष्णेच्या महापुरात यांपैकी अनेक पेवांत पाणी शिरून ती निकामी झाली. घराखाली अथवा घरालगत असलेली अशी निकामी पेवे बुजविणे हे विशेष काळजीचे काम आहे.

पेव उघडल्यावर काही वेळ ते तसेच मोकळे ठेवावे, मग आत दिवा सोडून पाहावा आणि दिवा विझला तर उतरू नये, ही जुनी चाल आहे. साठविलेला माल व त्यावरील बुरशी हवेतील प्राणवायू वापरतात व कर्बवायू सोडतात. कर्बवायू हवेहून जड असल्याने तळाशी साचतो व दिवा विझतो. ही चाल अनुभवातून आलेली असली तरी ती अपुरी आहे. नेहमीच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास ती जागा माणसास असुरक्षित मानतात. ज्योत मात्र हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर येईपर्यंत जळत राहू शकते. म्हणजे दिवा विझला तर धोका निश्चित आहे, परंतु दिवा जळतो म्हणून जागा सुरक्षित आहे, असा अर्थ मुळीच होत नाही.

गोबर गॅसच्या विहिरीत, मळीच्या हौदात अथवा डिझेलच्या टाकीत तर दिवा, काडी वा बिडी यांपैकी काहीही नेऊ नये. गोबर गॅसमधील मिथेन हा वायू हवेत सुमारे ५ ते १५ टक्के मिसळला असता ठिणगीसरशी त्याचा स्फोट होतो. याखेरीज शेणाच्या मळीतून हायड्रोजन सल्फाइड हा अतिशय विषारी वायू निघतो. थोड्या प्रमाणात त्यास सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. वास थांबला म्हणून धोका टळला, असे समजून उतरणारा मनुष्य जीव गमावून बसतो. बरीच वर्षे निवांत पडलेली मळी काठीने ढवळली तरी कोंडलेला वायू एकदम बाहेर पडतो.

म्हणून नियम एकच, की आत कोणीही उतरू नये. या लेखात पुढे दिलेल्या पद्धती वरूनच काम करता येईल अशा आहेत. उतरण्यावाचून गत्यंतरच नसेल तर वायुमापक यंत्र, ताजी हवा पुरविणारा पंखा, अंगाला बांधलेला पट्टा व दोर, आणि वर उभी असलेली किमान दोन माणसे यांसह प्रशिक्षित पथकाकडूनच ते काम करवून घ्यावे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उतरू नये. ताबडतोब अग्निशमन दलास बोलवावे.

भरावाचे तीन प्रकार

पोकळी बुजविण्याचे तीन मार्ग आहेत. त्यांतील योग्य मार्ग निवडला तर खर्चात मोठी बचत होते.

पहिला मार्ग मुरूम-मातीचा. टाकी मोकळ्या शेतात असेल, तिचे छत वरून यंत्राने फोडता येत असेल आणि थर ठोकता येत असतील, तर हा मार्ग सर्वांत स्वस्त व पुरेसा आहे. यासाठी काँक्रीट वापरणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

दुसरा मार्ग प्रवाही भरावाचा. सिमेंट, औष्णिक विद्युत केंद्राची राख, वाळू व पाणी यांचे पातळ मिश्रण ओतले असता ते आपोआप सपाट होते व ठोकण्याची गरज राहत नाही. एक घनमीटर भरावास साधारणतः ६० किलो सिमेंट, ३०० किलो राख, १,३५० किलो कोरडी वाळू आणि सुमारे ३०० लिटर पाणी लागते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील विद्युत केंद्रांच्या आसपासच्या भागात राख मिळणे सोपे आहे. हे मिश्रण स्वस्त असले तरी जड असते. त्याचे वजन घनमीटरला सुमारे २,००० किलो भरते.

तिसरा मार्ग हलक्या, म्हणजेच फेसाळ काँक्रीटचा. जेथे माणूस उतरू शकत नाही, छत फोडता येत नाही, भिंती कमकुवत आहेत, जमीन मऊ आहे, किंवा पोकळी घराच्या पायाखाली वा रस्त्याखाली गेली आहे, तेथे याचा खरा उपयोग होतो.

फेसाळ काँक्रीट म्हणजे काय?

साध्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. सिमेंटच्या पातळ लगद्यात स्वतंत्रपणे तयार केलेला घट्ट फेस मिसळला, तर लगद्यात असंख्य बारीक बुडबुडे अडकतात व सिमेंट आळल्यावर ते तसेच राहतात. यासच फेसाळ काँक्रीट म्हणतात. फेसाचे प्रमाण कमीअधिक करून त्याचे वजन घनमीटरला सुमारे ४०० पासून १,६०० किलोपर्यंत ठेवता येते. इंग्लंडमधील बाथ शहराजवळ कूम डाउन येथे घरांच्या वस्तीखाली जुन्या दगडी खाणी पोकळ राहिल्या होत्या. सन २०१० पर्यंत चाललेल्या कामात त्या सुमारे सहा लाख घनमीटर फेसाळ काँक्रीटने भरून वरील वस्ती सुरक्षित करण्यात आली. एवढ्या विस्तीर्ण पोकळीत उपयोगी पडलेली ही पद्धत वाड्यातील एका टाकीसही तितकीच लागू पडते.

हलकेपणाचा लाभ एका उदाहरणाने कळेल. अडीच मीटर खोल टाकीत साधे काँक्रीट एकदम ओतले, तर ते ओले असताना तळाशी दर चौरस मीटरला ६,००० किलोचा दाब पडतो व तोच दाब भिंतींना बाहेर ढकलतो. ६०० किलो वजनाच्या फेसाळ मिश्रणाचा दाब त्याच खोलीवर १,५०० किलोच भरतो. जुनी विटांची भिंत एवढा भार पुष्कळदा सोसते. शिवाय भराव थराथराने केल्यास हा दाब आणखी घटतो.

या काँक्रीटची ताकद घरबांधणीच्या काँक्रीटच्या मानाने फारच कमी असते. ६०० किलो वजनाच्या ओल्या मिश्रणाची ताकद आळल्यानंतर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते १० किलो मिळते. परंतु ही उणीव नसून सोय आहे. दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो म्हणजे दर चौरस मीटरला ५० टन होत. घट्ट मातीची सुरक्षित धारणक्षमता सामान्यतः १० ते २५ टन धरतात. म्हणजे भराव मातीहून कमकुवत नाही, आणि उद्या तेथे नवा नळ टाकावयाचा झाल्यास तो टिकावाने खोदताही येतो.

मिश्रणाचे प्रमाण व परीक्षा

ओल्या मिश्रणाचे वजन घनमीटरला ६०० किलो ठेवण्यासाठी पुढील प्रमाण योग्य आहे.

सिमेंट : ३८० किलो, म्हणजे साडेसात पोत्यांहून थोडे अधिक.
पाणी : १९० लिटर.
तयार फेस : सुमारे ६९० लिटर.

फेस तयार करण्यासाठी खास द्रव मिळतो. तो उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून दाबाच्या हवेने यंत्रातून फेसाळला जातो. कपडे धुण्याच्या साबणाचा किंवा पावडरीचा फेस येथे चालत नाही. तो सिमेंट आळण्यापूर्वीच फुटतो व भराव खाली बसतो. फेसयंत्र प्रत्येक शेतकऱ्याने घेणे शक्य नाही. परंतु हलके ठोकळे तयार करणाऱ्या कारखान्यांकडे ही यंत्रे असतात. या ठोकळ्यांसाठी भारतीय मानक २१८५, भाग ४, सन २००८ पासून उपलब्ध आहे, हे ठोकळे या मानकाप्रमाणे बनविणाऱ्या कारखानदारास वजनावर नियंत्रण ठेवण्याचा सराव असतो. एका गावातील चार-पाच टाक्यांचे काम एकत्रितपणे केल्यास यंत्र आणण्याचा खर्च विभागला जातो.

मिश्रणाची परीक्षा शेतकऱ्याने स्वतः करावी. दहा लिटरची बादली घेऊन प्रथम रिकामी तोलावी. नंतर ती मिश्रणाने काठोकाठ भरून, हलके ठोकून, काठ सपाट करून पुन्हा तोलावी. बादलीचे वजन वजा जाता ६ किलो भरले तर मिश्रण बरोबर आहे. ७ किलोंहून अधिक भरले तर फेस फुटत आहे असे समजावे. ५ किलोंहून कमी भरले तर फेस जास्त झाला असून भराव ठिसूळ होईल. दर तासाला एकदा ही परीक्षा घ्यावी.

टाकी बुजविण्याची रीत

काम मार्च ते मे या काळात करावे. त्या वेळी भूजलाची पातळी खोल गेलेली असते. पावसाळ्यात भरलेली टाकी एकदम रिकामी करू नये, कारण भोवतालच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी वर उचलली जाण्याची किंवा तिच्या भिंती आत ढासळण्याची भीती असते. पुढील क्रम पाळावा.

१. टाकीभोवती दोन मीटर अंतरावर कुंपण करून मुले व जनावरे दूर ठेवावीत. ठिणगी पडेल असे कोणतेही काम जवळ चालू नये.

२. झाकणे पूर्ण उघडून टाकी किमान एक दिवस हवेशीर ठेवावी. वारा आपल्या पाठीकडून टाकीकडे वाहील अशा बाजूस उभे राहावे, म्हणजे आतील वायू अंगावर येत नाही. तोंडात वाकून पाहू नये.

३. मळी अथवा पाणी पंपाने वरूनच उपसावे. पंपाचे यंत्र तोंडापासून दूर ठेवावे. मळी उत्तम खत असल्याने ती खतखड्ड्यात अथवा शेतात पसरावी, ओढ्यात सोडू नये.

४. पाणी शिल्लक राहता कामा नये. ६०० किलो वजनाचे मिश्रण पाण्याहून हलके असते. पाण्यात ओतल्यास ते तरंगते आणि खाली पोकळी राहते. जेथे पाणी सतत झिरपते, तेथे घनमीटरला १,१०० किलोंहून अधिक वजनाचे मिश्रण घ्यावे किंवा प्रवाही भराव वापरावा.

५. पाण्याच्या वा मळीच्या टाकीचा तळ वरून यंत्राच्या पहारीने दोन-तीन ठिकाणी फोडावा, म्हणजे पुढे तेथे पाणी कोंडणार नाही. डिझेलच्या टाकीस मात्र छिद्र पाडू नये.

६. मिश्रण नळीने तळापर्यंत न्यावे, उंचावरून फेकू नये. उंचावरून पडल्यास बुडबुडे फुटतात. एका दिवसात एक मीटरपेक्षा जाड थर देऊ नये. जाड थरात सिमेंटची उष्णता कोंडते व फेस खचतो. पहिला थर आळल्यावर दुसऱ्या दिवशी पुढील थर द्यावा.

७. छत न फोडता टाकी भरावयाची असल्यास मिश्रणाच्या तोंडाखेरीज दुसरे एक भोक छताच्या सर्वांत उंच भागी ठेवावे. त्यातून हवा बाहेर जाते. मिश्रण त्या भोकातून वर येईल तेव्हाच टाकी भरली असे समजावे. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी बसल्यास पुन्हा भर घालावी.

८. शेतातील टाकीचा वरचा एक मीटर भाग फोडून काढावा व भरावावर तेवढी माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी ठोकून भरावी. खोल नांगरट व मुळांची वाढ यांसाठी ही माती आवश्यक आहे. तिच्या वजनामुळे हलका भराव ओल्या काळात वर उचलला जाण्यासही आळा बसतो. पूरग्रस्त भागात हे पथ्य कसोशीने पाळावे.

९. भरावावर किमान सात दिवस ट्रॅक्टर वा गाडी नेऊ नये.

ओले सिमेंट त्वचेस भाजते. काम करणाऱ्यांनी रबरी हातमोजे व बूट वापरावेत. अंगावर मिश्रण पडल्यास ते तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे.

नळ बुजविण्याची रीत

नळाची दोन्ही टोके व मधले हौद उघडे करावेत. आत पाणी सोडून गाळ धुऊन काढावा व नळ पूर्ण निचरून घ्यावा. सखल टोकास विटांची सिमेंटात बांधलेली आडभिंत घालावी. तिच्यात मिश्रण आत सोडण्याची नळी बसवावी. उंच टोकासही आडभिंत घालून तिच्या माथ्याशी हवेची नळी ठेवावी. मिश्रण सखल टोकाकडून चढविले असता ते हवेस पुढे ढकलीत वर जाते व मध्ये पोकळी राहत नाही. नळात मध्येच चढ असेल तर त्या उंचवट्यावर आणखी एक हवेची नळी ठेवावी. वरच्या नळीतून बाहेर येणारे मिश्रण बादलीत तोलावे. त्याचे वजन आत जाणाऱ्या मिश्रणाइतके भरले म्हणजे नळ नीट भरला, असे समजावे.

सर्व नळ भरण्याची गरज नसते. रस्ता, घर वा कालवा यांच्या खालील भाग भरावा. शेतातील उथळ नळ उकरून काढावेत आणि उरलेल्या खोल नळांची तोंडे प्रत्येक हौदात आडभिंतीने बंद करावीत. नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतील तर ते फोडू अथवा कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसास घातक आहे. असे नळ जागेवरच भरून सोडणे श्रेयस्कर होय.

तलावाच्या वा कालव्याच्या बांधातून गेलेला नळ मात्र स्वतः होऊन भरू नये. नळाच्या आतील पोकळी भरली तरी त्याच्या बाहेरच्या अंगाने पाझर चालूच राहू शकतो व त्यातून बांध फुटण्याची भीती असते. अशा कामासाठी जलसंपदा विभागाचा सल्ला व परवानगी घ्यावी.

खर्चाचा अंदाज

दोन मीटर व्यासाची व अडीच मीटर खोल गोल टाकी घेऊ. तिची पूर्ण धारणा ७.८५ घनमीटर येते. ती सगळी फेसाळ काँक्रीटने भरल्यास सुमारे ६० पोती सिमेंट लागेल. वरचा एक मीटर भाग फोडून मातीने भरला, तर काँक्रीटचा भराव ४.७१ घनमीटर उरतो व ३६ पोती पुरतात. तेवढ्याच जागी प्रवाही भराव केल्यास ६ पोती सिमेंट लागते. टाकी मोकळ्या शेतात असून मुरमाने भरता आली, तर सिमेंट मुळीच लागत नाही.

आता नळ पाहू. ३०० मिलिमीटर व्यासाचा ४०० मीटर लांब नळ संपूर्ण भरण्यास २८.३ घनमीटर मिश्रण, म्हणजे सुमारे २१५ पोती सिमेंट लागेल. परंतु रस्त्याखालील १२ मीटर भागच भरावयाचा ठरविला, तर ०.८५ घनमीटर मिश्रण व सुमारे साडेसहा पोती पुरतात. यावरून दिसून येईल की, हलके काँक्रीट हे सरसकट वापरण्याचे साहित्य नसून नेमक्या जागी वापरण्याचे साहित्य आहे.

डिझेलची टाकी

डिझेलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे मिश्रण साठलेले असते. गॅसच्या ज्योतीने अशी टाकी कापू लागल्यास स्फोट होतो. परवान्याखालील टाक्यांना पेट्रोलियम अधिनियम, १९३४ व त्याखालील सन २००२ चे नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. तेल काढणे, गाळ उचलणे आणि टाकी वायुमुक्त करणे ही कामे जाणकार व अधिकृत माणसांकडूनच करवून घ्यावीत. टाकी वायुमुक्त झाल्याचा लेखी दाखला हाती आल्याखेरीज तिच्यात भराव सुरू करू नये.

विहिरी व विंधन विहिरी

उघडी विहीर आटली म्हणून ती काँक्रीटने बुजविण्याची घाई करू नये. कठडा बांधून व पाणी गाळून आत सोडल्यास तिचा भूजल पुनर्भरणासाठी उपयोग होऊ शकतो. निकामी विंधन विहिरीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने सन २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. तीनुसार अशी विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोटे इत्यादींनी भरावयाची असते. वापरात असलेल्या विंधन विहिरीचे तोंडही पोलादी झाकणाने बंद ठेवणे आवश्यक आहे. सन २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात सुमारे ६० फूट खोल पडलेल्या पाच वर्षांच्या मुलास सैन्याने दोन दिवसांच्या परिश्रमाने वाचविले. परंतु असे भाग्य प्रत्येक मुलास लाभत नाही. तोंडावरचे पोते किंवा दगड हे झाकण नव्हे.

काम झाल्यावर

भराव पूर्ण झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. टाकीची अथवा नळाची जागा शेताच्या नकाशावर दाखवावी. बांधापासूनचे अंतर, खोली, भरावाचा प्रकार व तारीख लिहून तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवावा. जमीन विकताना वा वाटणी करताना ही माहिती नव्या धारकास द्यावी. पहिल्या पावसाळ्यानंतर जागा पाहून जमीन बसली असल्यास माती घालावी.

गावपातळीवर ग्रामपंचायत, सहकारी संस्था व तरुण मंडळे यांनी एकत्र येऊन उन्हाळ्यात एकदा अशा सर्व जागांची पाहणी करावी. ज्यांना लगेच खर्च झेपत नाही, त्यांनी निदान मजबूत झाकण, कुंपण व सूचनाफलक यांची व्यवस्था आजच करावी आणि भराव पुढील हंगामात करावा. शेतातून चालणाऱ्या प्रत्येकास पायाखालची जमीन भक्कम मिळणे हा त्याचा हक्क आहे, व ती तशी ठेवणे ही जमिनीच्या धन्याची जबाबदारी आहे. यासंबंधी अधिक मार्गदर्शन आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून व पंचायत समितीच्या बांधकाम शाखेतील अभियंत्याकडून घ्यावे.